पीळ कुठं जातो : जाडबारीक लोकरीच्या विणकामाची प्रस्तावना

आमच्या घरी लोकर विकत घेण्याची एक रीत होती. माझी मावशी दुकानात गुंड्याचं टोक मोकळं करायची, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धागा धरायची आणि दुसऱ्या हातानं तो सावकाश ओढत राहायची. डोळे दुकानदाराकडे, लक्ष सगळं चिमटीत. चार-पाच हात धागा एकसारखा सरकला की गुंडा पसंत. मध्ये कुठं फुगवटा लागला, कुठं धागा दोऱ्यासारखा बारीक झाला, की गुंडा परत काउंटरवर. "ह्यात जाडबारीक आहे," एवढंच ती म्हणायची, आणि दुकानदारही वाद न घालता दुसरा गुंडा काढायचा.

हे पुस्तक मावशीनं परत केलेल्या त्या लोकरीबद्दल आहे.

मावशीची पारख चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ती विणायची बाळंतविड्यातली टोपडी, कुंच्या, पायमोजे, आणि शाळकरी मुलांचे बिनबाह्यांचे स्वेटर. चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सुया, काठाला बारा नंबरच्या. तिची सगळी विद्या मोजणीवर उभी होती. छातीला इतके टाके, मुंढ्याला इतके मिटवायचे, गळ्याला इतके उचलायचे. हे गणित एकाच अटीवर चालतं: पहिला टाका आणि दोनशेवा टाका एकाच मापाचा हवा. टाका एका मापाचा हवा तर धागा एका जाडीचा हवा. धाग्यानं दगा दिला की पायमोज्यांच्या जोडीतला एक लांब होणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

समान धाग्याची ही ओढ फक्त घरापुरती नाही. हातानं सूत कातणाऱ्यांनीही ती जपली. खादीच्या सुताची परीक्षा करताना बारीकपणा सांगणारा अंक आणि मजबुती यांच्या जोडीनं समानता पाहिली जायची. ज्याचं सूत जाडबारीक निघे त्याचा हात अजून बसलेला नाही, असंच समजलं जाई. सूतगिरण्यांनी तर समानतेचा आकडाच काढला. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी १९४०च्या दशकात धाग्याची जाडी सलग मोजत जाणारं यंत्र तयार झालं, आणि आज सूतगिरणीत 'उस्टर' म्हटलं की गाव कुणाला आठवत नाही, धाग्याच्या समानतेचा आकडा आठवतो.

इतक्या लोकांनी, इतक्या कष्टांनी जो दोष धाग्यातून काढून टाकला, तोच आपण पुन्हा पैसे मोजून का मागावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी आधी हा धागा हातात घ्यायला हवा.

जाडबारीक लोकरीची लड उघडा. पहिल्या चार बोटांत धागा करंगळीएवढा फुगलेला, हवा भरल्यासारखा, बोटाखाली दबणारा. पुढं तो निमुळता होत जातो आणि मग वीतभर सुतळीसारखा गोल, कडक. पुन्हा फुगवटा. रंगही सगळीकडे सारखा दिसत नाही. सैल, जाड भागात तो सहज मुरलेला असतो. आवळलेल्या बारीक भागावर उजेड वेगळा पडतो. बहुतेक वेळा हा धागा एकपदरी असतो, म्हणजे कातताना पडला तेवढाच पीळ त्यात, दुसऱ्या पदराची सोबत नाही. कारखान्याच्या भाषेत त्या फुगवट्याला 'स्लब' म्हणतात. मी पुस्तकभर मावशीचाच शब्द ठेवला आहे.

या धाग्याचा एक नियम आहे. तो मला सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका वाडीवर कळला.

घोंगडीसाठी लोकर कातणाऱ्या एक आजी ओसरीवर चरखा घेऊन बसल्या होत्या. डाव्या हातात पिंजलेल्या काळ्या लोकरीचा पेळू, उजव्या हाताशी चाक. पेळूतून धागा काढत डावा हात मागं मागं जायचा, मग चाक जरासं उलटं फिरून पुन्हा सुलट फिरायचं आणि काढलेला हातभर धागा चातीवर गुंडाळला जायचा. धागा एकसारखा नव्हता. मी विचारलं, "आजी, हे जाडबारीक होतंय ते चालतं?"

"घोंगडीला चालतंय की," त्या म्हणाल्या. "हिकडं ये, बघ."

त्यांनी चातीवरचा वीतभर धागा मोकळा केला, दोन्ही टोकं दोन चिमटींत धरली आणि उजवी चिमूट हळूहळू फिरवायला लागल्या. मधोमध एक फुगवटा होता. मी त्याच्याकडेच पाहत होते. तो जवळजवळ हललाच नाही. त्याच्या दोन्ही अंगांचा बारीक भाग मात्र वळत गेला, आवळत गेला आणि शेवटी त्यावर छोटंसं वेटोळं पडलं.

"बारीक जागा समदा पीळ खाती," आजी म्हणाल्या. "जाडीला काय ऱ्हातच न्हाई."

नंतर मी हे घरी पुष्कळदा करून पाहिलं. कारण सरळ आहे. जाड भाग पिरगाळायला जोर लागतो, बारीक भाग चटकन वळतो. म्हणून चातीनं दिलेला पीळ वाट काढत बारीक जागी जाऊन बसतो. मग होतं असं, की जिथं तंतू थोडे तिथं ते घट्ट बांधलेले, आणि जिथं तंतू भरपूर तिथं ते एकमेकांना जेमतेम बिलगलेले. दिसायला जाड भाग दणकट वाटतो, पण ताण दिला की सुटतो बहुधा तोच. सुटताना आवाज होत नाही. तंतू एकमेकांवरून घसरत मोकळे होतात. म्हणूनच फुगवटा तंतूच्या लांबीच्या मानानं फार लांब असून चालत नाही. फुगवट्यातला तंतू पुढं पोचून शेजारच्या पिळात अडकलेला असला, तरच ती जागा टिकते.

या पुस्तकातलं जवळजवळ सगळं आजींच्या त्या एका वाक्यातून निघालं आहे. ते मला आधी माहीत असतं तर माझा एक स्वेटर वाचला असता.

तो धाकट्या भावासाठी होता. निळसर राखाडी जाडबारीक लोकर, पुढच्या भागावर दोन वेण्या. दुकानात मला ती लोकर "कशालाही चालेल" म्हणून देण्यात आली आणि मी विश्वास ठेवला. वेणीची वीण मला चांगली येते. वीतभर काम झालं तरी वेण्या दिसेनात. टाक्यांची अदलाबदल केली तिथं कधी फुगवटा आला, कधी बारीक भाग. वेणीचा एक पेड हरवलेला, दुसरा सुजलेला. पाठ विणून पलंगावर पसरली तर ती एका अंगाला कललेली, पतंगासारखी. बाजूची शिवण पोटावर येणार हे तिथंच दिसलं. मी सगळं उसवायला घेतलं. केसाळ टाके एकमेकांना धरून बसले होते. जरा ओढलं की फुगवटे कापसासारखे हातात सुटून येत. निम्मी लोकर अशी गेली. भावाचा वाढदिवस तोंडावर आला होता आणि मी फरशीवर त्या पसाऱ्यात बसून रडले, हे मला अजून आठवतं.

त्यातली प्रत्येक चूक आज मला पिळाकडे बोट दाखवून सांगता येते. वेणीला धाग्याची कड ठळक लागते. ती पिळातून येते, आणि फुगवट्यात पीळ नाही. कापड कललं, कारण एकपदरी धाग्यातला पीळ एकाच दिशेचा असतो. दोन-चार पदरी लोकरीत पदर एकमेकांवर उलट दिशेनं वळलेले असतात, त्यामुळे तोल राहतो. एकपदरी धाग्याला तो आधार नाही. त्यातला पीळ सुटायला बघतो आणि प्रत्येक टाका जरासा फिरतो. साध्या विणीत, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी घातलेल्या विणीत, एका बाजूला सगळ्या टाक्यांची तोंडं सारखी असतात, म्हणून सगळे मिळून एकाच अंगाला फिरतात. उसवताना फुगवटे सुटले, त्याचं कारण तर आजींनीच सांगितलं.

असा धागा मुळात होतो कसा? नवशिक्या कातणाऱ्याच्या हातून तो आपोआप होतो. हात बसला की धागा एकसारखा येऊ लागतो, आणि मग गंमत म्हणजे मुद्दाम जाडबारीक कातायला बसलं तर जमत नाही. पेळू ओढताना कुठं थांबायचं, पीळ पोचण्याआधी किती तंतू सोडायचे, हे नव्यानं शिकावं लागतं. कारखान्यात हे काम रोलर करतात. तंतूंची वात रोलरच्या एकामागच्या एक जोड्यांतून ओढली जाते. त्यातल्या एका जोडीचा वेग क्षणभर बदलला की तिथून जास्त तंतू पुढं जातात आणि फुगवटा तयार होतो. यंत्राचा फुगवटा ठरावीक अंतरानं आला तर विणताना तो ओळीमागून ओळीत एकाखाली एक येऊन बसतो आणि कापडावर चट्टे उठतात. म्हणून चांगल्या धाग्यात हे अंतर बदलतं ठेवलेलं असतं. लोकर घेताना लड थोडी उलगडून फुगवट्यांमधली अंतरं बघा. मावशीच्याच चिमटीनं बघा, फक्त शोधायचं वेगळं आहे.

हातानं कातलेल्या जाडबारीक लोकरीला बाजारात मानाची जागा मिळाली, त्यात उरुग्वेच्या बायकांचा वाटा मोठा आहे. उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतला लहानसा देश, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. १९६८ साली तिथं 'मानोस देल उरुग्वाय' ही संस्था सुरू झाली. नावाचा अर्थ 'उरुग्वेचे हात'. विखुरलेल्या खेड्यांतल्या बायकांना गाव न सोडता काम मिळावं म्हणून त्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांची 'क्लासिका' ही लोकर एकपदरी, हातानं कातलेली, मोठ्या कढईत रंगवलेली. १०० ग्रॅमच्या लडीत साधारण १२६ मीटर. रंग कढईतला असल्यानं दोन लडी हुबेहूब जुळत नाहीत, आणि तसं जुळण्याचं वचनही कुणी देत नाही. मला त्या लडीवरची चिठ्ठी सगळ्यात जवळची वाटते. तिच्यावर काम करणाऱ्या बाईची सही असते आणि तिच्या गावाचं नाव असतं. माणमधल्या आजींनी आयुष्यात किती मैल धागा कातला असेल; त्यावर त्यांचं नाव लिहावं असं कुणाच्या मनात आलं नाही. घोंगडी विकली जाते ती विकणाऱ्याच्या किंवा बाजाराच्या गावाच्या नावानं, आणि कातणारी मागं राहते. याची खंत मला वाटते आणि ती इथं लिहून ठेवते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हँकूव्हर बेटावर आणखी एक परंपरा आहे. तिथले कोस्ट सॅलिश लोक डोंगरी बकऱ्यांची लोकर आणि खास लोकरीसाठी पाळलेल्या कुत्र्यांचे केस कातून घोंगड्या विणत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांकडून आणि मिशनरी बायकांकडून सुयांचं विणकाम त्यांच्यात आलं. कोस्ट सॅलिशांपैकीच असलेल्या काउइचन बायकांनी ते घेतलं, पण आपला जाड, सैल, एकपदरी धागा सोडला नाही. त्यातून काउइचन स्वेटर जन्माला आला: गोल विणलेला, मेंढीच्या मूळ पांढऱ्या, राखाडी, काळ्या रंगांतला. पुढं धागा कातायला त्यांनी शिवणयंत्राचं पायटं जोडून चाती चालवल्या. लोकर धुताना तिच्यातली मूळची चरबी पुरती काढून टाकत नसत, त्यामुळे स्वेटर पावसाला दाद देत नसे. कोळी आणि लाकूडतोडे ते वर्षानुवर्षं वापरत. २०११ साली कॅनडा सरकारनं या विणकर बायकांच्या कामाला राष्ट्रीय इतिहासात स्थान दिलं. त्याआधी कित्येक दशकं व्यापाऱ्यांनी जेवढं कमावलं तेवढं विणणारीच्या हाती आलं नव्हतं.

काउइचन स्वेटरमुळे माझा एक समज दुरुस्त झाला. जाडबारीक धाग्यावर नक्षी चालतच नाही असं मी मानून बसले होते. चालते, पण ती रंगातून काढावी लागते. काळ्यावर पांढरा असा सरळ विरोध आणि मोठे, भौमितिक आकार असले की धाग्याचे चढउतार नक्षी पुसत नाहीत. टाक्यांच्या वळणातून काढलेली नाजूक नक्षी मात्र पुसली जाते.

जपानमधल्या एइसाकु नोरो यांच्या 'कुरेयोन' लोकरीबद्दल तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, म्हणून इथं ओझरतंच. 'क्रेयॉन' या शब्दाचा तो जपानी उच्चार. त्या धाग्यात जाडीबरोबर रंगही लांबलांब टप्प्यांनी बदलत जातो, आणि कधीकधी गवताची काडीही सापडते.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या कपाटाकडे बघा. दोन रेशीमकिड्यांनी मिळून एक कोश केला की त्यातून निघणारा धागा गुंतलेला, जाडबारीक असतो. दुपियन रेशमाची ती खास उभारी त्यातूनच येते. विदर्भातल्या कोशाच्या साडीवरून हात फिरवला की तंतूचे चढउतार बोटाला लागतात, आणि त्यावरूनच बायका खरा कोसा ओळखतात. माझ्या मावशीकडेही एक कोशाची साडी होती, करवतकाठी. ती नेसताना मावशी पदरावरून हात फिरवून बघायची, अगदी मायेनं. कापडात जे आवडतं ते लोकरीच्या गुंड्यात नाकारलं जातं, कारण विणणारीला त्यापुढं काम करायचं असतं. तेव्हा कामाकडे वळू.

पहिली गोष्ट विणीची. धागा इतका बोलका असताना विणीनं गप्प बसावं. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट घालणं, ही विणकाम शिकताना सगळ्यात आधी येणारी वीण या लोकरीवर सगळ्यात देखणी दिसते. त्यामागं कारणही आहे. या विणीत कापडाच्या प्रत्येक बाजूला एक ओळ सुलट दिसते, पुढची उलट. टाके एकमेकांविरुद्ध फिरतात आणि कल आपोआप मोडतो. एक सुलट एक उलट घालून पुढच्या ओळीत ती अदलाबदल करण्याची वीणही तेच काम करते. साधी वीण घालायचीच असेल तर तिची उलट बाजू दर्शनी ठेवून बघा. उलट टाक्याची गाठ पुढं येते आणि तिच्यात फुगवटा बसला की तो मण्यासारखा उठून दिसतो.

दुसरी गोष्ट सुयांची. धाग्याचा मधल्या जाडीचा भाग दुहेरी करून सुईशेजारी धरा. दोन पदरांची रुंदी आणि सुईची जाडी जवळपास सारखी असली की सुई योग्य. बारीक भागाकडे बघून सुई निवडली तर फुगवटा टाक्यातून ओढताना चिरडतो, सुटतो, आणि मनगट दुखतं ते वेगळंच. फुगवट्याकडे बघून निवडली तर मधले टाके जाळीसारखे होतात. या पुस्तकातली बहुतेक कामं ८ मिलिमीटरच्या सुयांवर आहेत, जुन्या मापानं शून्य नंबरच्या. लाकडी किंवा बांबूच्या घ्या. धातूच्या सुईवरून सैल टाका पटकन गळतो, आणि या लोकरीत गळलेला टाका शोधणं सोपं नाही.

८ मिलिमीटरच्या सुईवर साधारण १० सेंटिमीटरला १० टाके बसतात. विणकामात ओळीच्या रुंदीच्या तिपटीच्या आसपास धागा लागतो, म्हणजे एका टाक्याला साधारण ३ सेंटिमीटर. आता ९ सेंटिमीटरचा फुगवटा घ्या. तो तीन टाक्यांत संपतो. वीतभर बारीक भाग सहा-सात टाके घेतो. एका ओळीत काय काय येणार हे यावरून दिसतं, आणि एका ओळीवरून कापडाचं माप का काढता येत नाही हेही कळतं. चार पदरी लोकरीला १० सेंटिमीटरचा नमुना पुरतो. इथं २० सेंटिमीटरचा चौकोन विणा. तीन वेगवेगळ्या जागी टाके मोजा, तिन्हींची सरासरी घ्या. मग तो तुकडा धुवा, वाळवा आणि दोरीवर चिमटा लावून दिवसभर लोंबकळत ठेवा. सैल पिळाचा धागा आपल्याच वजनानं उतरतो, आणि ते अंगावर घातल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

टाक्यांच्या मोजणीवर या लोकरीत फार विसंबू नका. टेप आणि वजनकाटा जवळ ठेवा. त्रिकोणी शालीची रीत मला म्हणूनच आवडते. एका टोकाला तीन टाके घालायचे, एका कडेला वाढवत जायचं आणि लोकर निम्मी संपेपर्यंत वाढवायचं. निम्मी केव्हा झाली हे स्वयंपाकघरातला काटा सांगतो. मग तसंच कमी करत यायचं. शाल दोन-तीन सेंटिमीटर कमीजास्त झाली तरी कुणाचं काही अडत नाही. मफलर, टोपी, उशीचा अभ्रा, झोळी ही या धाग्याची खरी कामं. बाळाचे पायमोजे नकोत. तिथं मावशीचंच ऐका.

काठाबद्दल एकच सांगते. टाके घालायला बारीक भागापासून सुरुवात करा. सुरुवातीच्या काठात फुगवटा अडकला तर तिथं ताठ गाठोडं होतं आणि ते पुढं धुऊनही बसत नाही. तुकडे जोडायची शिवण कधीही याच धाग्यानं घालू नका. तो कापडातून ओढताना सुटतो. त्याच रंगाची समान, बारीक लोकर शिवणीसाठी वेगळी घ्या.

दोन लडी जोडण्याची वेळ आली की मात्र या धाग्याइतका सोयीचा धागा नाही. लोकर शुद्ध असेल आणि तिच्यावर न जमण्याची प्रक्रिया केलेली नसेल, तर दोन्ही टोकं थोडी उकलून एकमेकांवर ठेवा, पाण्याचे दोन-चार थेंब घ्या आणि तळहातांमध्ये जोरात चोळा. ऊब, ओल आणि घर्षण मिळालं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून जमतात. काश्मीरचे नमदे याच गुणावर होतात. समान धाग्यात असा जोड जाड दिसतो. इथं तो आणखी एक फुगवटा होऊन मिसळून जातो. ॲक्रिलिकवर हे होत नाही. हाच गुण टिकाऊपणासाठीही वापरता येतो. पुरं झालेलं काम कोमट पाण्यात हातानं जरासं दाबून-चोळून घेतलं की फुगवट्यातले मोकळे तंतू धरले जातात आणि वापरताना गोळे कमी येतात. जरासं म्हणजे खरंच जरासं. नवव्या प्रकरणात किती वेळ आणि कुठं थांबायचं ते तुकड्यांच्या छायाचित्रांसह दिलं आहे.

दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल वाचक विचारणार, म्हणून आधीच सांगते. माझं मन तिच्यात आहे, पण ती अंगालगत घालायच्या कपड्याची लोकर नाही. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाडीचा असतो; दख्खनी लोकर त्याहून पुष्कळ भरड आणि आखूड तंतूची. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ते तंतू बसवतात. विणकामात खळ नाही, म्हणून ती टोचते आणि झडते. तिचं बसायचं आसन मात्र फार चांगलं होतं: दाट, उबदार, वर्षानुवर्षं दबून न बसणारं. मी आजींच्याच धाग्याचं एक विणलं आणि पुढच्या खेपेला त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली आणि मी खाली ठेवलेली उलट बाजू वर करून ओसरीवर अंथरलं. "ही बाजू बरी. हितं माजं सूत दिसतंय," त्या म्हणाल्या. साध्या विणीची उलट बाजू दर्शनी ठेवा असं मी वर लिहिलं, ते त्या दुपारपासून.

पुस्तकात वीस कामं दिली आहेत. ज्यांना सुलट आणि उलट टाका येतो त्यांना पहिली बारा करता येतील. उरलेली आठ गोल सुईवरची आहेत. क्रोशाचं काम मी घेतलेलं नाही, कारण क्रोशाच्या सुईचं तोंड फुगवट्यात अडकतं आणि त्यावर मला समाधान वाटेल असा उपाय सापडला नाही.

सुरुवात करण्याआधी एवढं करा. लडीतून हातभर तुकडा तोडून घ्या आणि खिडकीशी बसा. दोन्ही टोकं चिमटीत धरा. एक चिमूट पिळाच्या उलट दिशेला फिरवत जा आणि धागा कुठं आधी मोकळा होतो ते बघा. मग तो पुन्हा पिळा, जेवढा होता त्याहून थोडा जास्त, आणि फुगवट्यावर नजर ठेवा. दोन-तीन फुगवट्यांवर हे करून झालं की तोच तुकडा हळूहळू ताणून तोडा. कुठं सुटतो ते लक्षात राहील. मग सुयांवर वीस टाके घाला.